आई सरकून घेईल

निक्शिच,
१६ सप्टेंबर २०१४

प्रिय राडोये,

तुला, स्लावकाला आणि पोरांना माझे आशीर्वाद. तिकडे नोवी सादला सगळं ठीक असेल असं धरून चालते. वाईट काही असतं तर तुझ्या बायकोनं आधी मलाच कळवलं असतं, तिला तेवढी हौस आहे. रागावू नकोस, थट्टा केली.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की स्लावका उचलते आणि म्हणते, "राडोये झोपलाय, वन्सं." सकाळी करावा तर झोपलाय, जेवणाच्या वेळी करावा तरी झोपलाय. आपल्या बापानं अख्ख्या जन्मात एवढी झोप काढली नाही. पत्राला कोणी झोपलाय म्हणून परत पाठवू शकत नाही, म्हणून लिहायला बसले.

इकडचं काय सांगू. लाल मिरच्या भाजायचे दिवस आहेत, सगळ्या जिन्यात तोच वास भरलाय. समोरच्या दारातली झागोर्का सकाळपासून गॅलरीत शेगडी मांडून बसली आहे. मिरच्या सोलून सोलून तिची बोटं रंगली आहेत आणि तोंड एक क्षण बंद नाही. मला चाखायला आणून दिलं, पण मी नुसता वास घेतला. तळलेलं, आंबट, कायमाकची साय, राकियाची दारू, सगळं डॉक्टरनं बंद केलंय. डॉक्टर मंडळींना काहीतरी बंद केल्याशिवाय शिकल्यासारखं वाटत नाही. ते जाऊ दे.

आता कामाचं लिहिते. मी नोटरीकडे जाऊन आले. दचकू नकोस. माणसानं आपल्यामागचं आवरून ठेवावं, यात वाईट काय आहे? आई नाही का कपाटाच्या खालच्या कप्प्यात स्वतःच्या शेवटच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवायची! थंडी सरली की उन्हात घालायची, पुन्हा बांधून ठेवायची. एकदा तू त्यातले नवे मोजे चढवून शाळेत गेलास आणि बापाच्या हातचा मार खाल्लास. आई मात्र हसत होती. म्हणाली, "बरं झालं, मोजे तरी जग बघून आले."

तर हा माझा कारखान्याकडून मिळालेला फ्लॅट. तो मी झागोर्काच्या नावानं करतेय. फुकट नाही देत. करार आहे, की मी आहे तोवर तिनं माझं सगळं करायचं, खाणंपिणं, औषधपाणी, आणि मग घर तिचं. असे करार आता खूपजण करतात, नोटरीबाई म्हणाल्या. तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. भाऊ असताना परक्या बाईला घर दिलं, असं लोक म्हणतील, आणि ते तुझ्या तोंडावर नाही तर पाठीमागे म्हणतील, म्हणजे तुला जास्तच लागेल. पण मी वसंतात विचारलं होतं, थोडे दिवस तुमच्याकडे येऊन राहू का. स्लावका म्हणाली, टोमॅटोचं आटपू दे, मग बघू. एव्हाना टोमॅटो आटपले असतील.

मला तुझ्याकडून फक्त एक गोष्ट हवी आहे, आणि ती अगदी लहान आहे. गावी, ब्रेझिनेला, आईबापाच्या थडग्यात मला जागा दे. पूर्वी असलं कोणी विचारत नव्हतं. माणूस गेलं की खणायचं, ठेवायचं. आता नगरपालिकेचा नियम आहे. थडगं ज्याच्या नावावर, त्याची सही हवी, आणि सहीवर शिक्का. थडगं तुझ्या नावावर आहे, कारण सगळंच तुझ्या नावावर आहे. मीच करून दिलंय.

तो दिवस तुला आठवतो का? बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर ओळीनं बायका बसलेल्या, काळे रुमाल बांधून, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या बहिणी. एकेक आत जायची, भावाच्या नावे हक्क सोडायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. बापासाठी रडतात की वाट्यासाठी, ते विचारायची रीत नाही. न्यायाधीशानं मला विचारलं, "स्वखुशीनं सोडता का?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. नाही म्हणणारी बहीण आपल्याकडे कोणी पाहिली आहे? वरच्या आळीतल्या स्टाकानं वाटा मागितला होता, तर अजून तिच्या नातींना लोक त्यावरूनच ओळखतात.

बाहेर पायऱ्यांवर तू माझा हात हातात घेतलास, आणि मी तुला रीतीप्रमाणे शब्द दिला, "लाभो तुला." बहिणीनं हा शब्द तोंडानं दिला नाही तर भावाला जमीन फळत नाही, असं म्हणतात. मी मनापासून दिला होता, राडोये. तू रडलास. मग बाजारातून मला कोटाला निळं कापड घेऊन दिलंस. घरी आल्यावर आईनं पहिलं काय विचारलं असेल? "शब्द दिलास ना? मग झालं तर. जमीन काय, जाते येते. भावाचं दार उघडं राहिलं पाहिजे."

पुढे तू ते घर विकलंस, दारासकट. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, आताही बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते दार गेलं, तर निदान हे एक राहू दे.

सही पाठव. घाई नाही, पण फार उशीरही करू नकोस. पोरांना पापे. स्लावकाला सांग, मिरच्यांच्या चटणीची एक बरणी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.

तुझी बहीण,
दारिंका


निक्शिच,
३ नोव्हेंबर

राडोये, माझ्या भावा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारून विचारून मी त्याला एवढं पिडलंय, की आता तो मला बघून रस्ता ओलांडतो.

उत्तर तसं आलंच म्हणायचं, पण माझ्याकडे नाही. स्लावकानं झागोर्काला फोन केला. झागोर्का मला सांगणार नव्हती, पण तिच्या पोटात काही राहत नाही. चार दिवस ताटल्या आपटत होती, शेवटी बोलली. "तुमची भावजय म्हणाली, घर घेतलंत, तर म्हातारीला पुरायचंही तुम्हीच बघा. आमच्या थडग्यात परकं माणूस नको."

परकं म्हणजे मी. त्या घरात मी जन्मले, स्लावका सून म्हणून यायच्या वीस वर्षं आधी. असो.

शनिवारी मृतांचा दिवस होता. मी ब्रेझिनेला गेले. झागोर्काच्या भाच्यानं गाडीनं नेलं. उकडलेले गहू, वाइन, मेणबत्त्या, सगळं रीतसर घेतलं होतं. चर्चपर्यंतची चढण मी तीनदा बसून चढले. झागोर्का मागून म्हणत होती, "बाई, मेलेले थांबतील, त्यांना कुठे जायचंय." वर पोचले आणि थडगंच सापडेना. जुना दगड शोधत होते, बापानं स्वतः घडवलेला. तो नव्हताच. त्या जागी काळा ग्रॅनाइट, आरशासारखा, तोंड दिसेल असा. मेणबत्ती लावायला वाकले, तर त्यात माझंच तोंड दिसलं. पिवळं पडलंय, तुला ओळखू आलं नसतं.

छान केलंयस, खोटं कशाला बोलू. आईबापाची नावं सोन्याच्या अक्षरात आहेत. त्यांच्याखाली तुझं नाव, जन्माचं साल आणि रेघ, पुढची जागा मोकळी. तसंच स्लावकाचं. तसंच दोन्ही मुलांचं, आणि दोन्ही सुनांचं. धाकटी सून कॅनडात आहे ना? तिनं ब्रेझिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिला इथे कोण आणणार आहे, विमानातून? पण तिची जागा आहे. नावही कोरून झालंय.

चर्चची देखभाल करणारा म्हातारा वुको तिथे झाडत होता. मी विचारलं, "वुको, सगळं भरलं का रे?" तो झाडू टेकून उभा राहिला, म्हणाला, "दारिंका, तू दिलेली लेक. दिलेल्या लेकीनं सासरच्या मातीत जायचं, हा कायदा काय मी केला?" मी म्हटलं, "सासर म्हणजे ब्लाझो. ब्लाझोनं मूल होत नाही म्हणून मला सहा वर्षांनी परत पाठवलं, दुसरी आणली, आणि आज तो तिच्याच शेजारी निजलाय. मी काय त्यांच्या मध्ये झोपू?" वुको हसला आणि लगेच त्यानं छातीवर क्रॉसची खूण केली. आपल्याकडे दिलेल्या लेकीची जागा ठरलेली आहे, न दिलेल्या लेकीचीही ठरलेली आहे. परत आलेलीचं कोणी ठरवलंच नाही.

आता मागच्या पत्रात जे टाळलं ते लिहिते. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. डॉक्टर तरुण आहे, त्याला सांगता येईना, पेनाशी खेळत बसला. मीच म्हटलं, "बाळा, बटाटे लावू की नको, एवढंच सांग." तो म्हणाला, "नका लावू." म्हणजे वसंत काही मी बघत नाही. तुला आधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं, मरणाची बातमी सांगून सही घेतली तर ती भीक झाली. तू बहिणीला अशीच देशील, असं वाटलं होतं. आता भीकही चालेल.

मी रात्रंदिवस या एकाच गोष्टीचा विचार करते. मला मरायचं भय नाही. जे होईल ते सगळ्यांचं होतं. पण इथल्या नव्या स्मशानात, शहराबाहेरच्या त्या माळावर, जिथे एका बाजूला कोण आणि दुसऱ्या बाजूला कोण काही माहीत नाही, तिथे एकटीनं पडून राहायचं, या विचारानं माझे पाय गार पडतात. आयुष्यभर मी एकटी राहिले, कारखान्याच्या खानावळीत भांडी घासली, एका खोलीत म्हातारी झाले, आणि कुरकुर केली नाही. मनात एकच हिशेब होता, की शेवटी आईजवळ जायचं आहे. ते आता तू काढून घेऊ नकोस.

मला वेगळी जागा नको. दगडावर नावही नको, तुमची ओळ बिघडायला नको. आईची जागा उघडा. जुनी हाडं कापडी पिशवीत बांधून पायाशी ठेवतात आणि नव्याला वर जागा करतात, हे आपल्याकडे कायम चालत आलंय. आजीच्या जागी बापाला नाही ठेवलं? तसं मला आईच्या जागी ठेवा. आपण तिघं एका पलंगावर निजायचो, आठवतं? तू मध्ये, मी कडेला. तू झोपेत लाथा मारायचास आणि मी खाली पडायचे. मग आई अंधारातच म्हणायची, "ये गं, मी सरकते." तिला कधी जागा कमी पडली नाही. आताही आई सरकून घेईल, राडोये. तिला विचारायचीही गरज नाही. विचारायचं आहे ते फक्त तुला.

सही कर. स्लावकाला सांगू नकोस हवं तर. तिला कळेपर्यंत मी मातीत असेन, आणि मग ती काही मला उकरून काढणार नाही.

आणि फ्लॅटचं मनात धरू नकोस. माझं भांडं कोण रिकामं करतं, माहीत आहे? झागोर्का. रक्ताची नाही, नात्याची नाही, पण नाक न मुरडता करते. मी तिला घर दिलं नसतं, तर तिनं तरीही केलं असतं, म्हणूनच दिलं.

वाट पाहते.

तुझी बहीण,
दारिंका


निक्शिच,
११ डिसेंबर

राडोये,

तुझं पाकीट आलं. पोस्टमन स्वतः जिना चढून वर घेऊन आला. त्यालाही आनंद झाला होता बिचाऱ्याला. पाकीट जाड होतं आणि त्यावर तुझं अक्षर. मी लगेच उघडलं नाही. आधी झागोर्काला हाक मारली, तोंड धुतलं, स्वच्छ रुमाल बांधला, तिला कॉफी करायला लावली. मला आता कॉफी पिववत नाही, पण चांगली बातमी कॉफीशिवाय वाचायची नसते. झागोर्का आधीच रडायला लागली होती. म्हणाली, "बघा, शेवटी रक्त ते रक्त." मी म्हटलं, "मग काय, माझा भाऊ आहे तो."

आत वकिलाचा कागद होता. झऱ्याखालचं कुरण. ते म्हणे अजून आईच्याच नावावर राहून गेलंय. बापाच्या मागचं सगळं मी तेव्हा सोडलं, पण आईचं कोणी उघडलंच नाही, म्हणून अर्धं कुरण कायद्यानं माझं निघालं. तुला गिऱ्हाईक मिळालंय, कोणीतरी तिथे हॉटेल बांधणार आहे, आणि माझ्या सहीवाचून विक्री अडली आहे. आणि कागदाला टाचलेली तुझी चिठ्ठी. ती मला पाठ झाली आहे, एवढीशीच तर आहे. "दारिंका, खूण केली आहे तिथे सही कर, शिक्का मारून पाठव, घाई आहे. आणि शब्द दे. हॉटेलवाला देवभोळा आहे, त्याला सगळ्यांची खुशी हवी. फ्लॅट परक्यांना दिलास, ते मला लागलं. बाकीचं नंतर बोलू."

नंतर म्हणजे केव्हा रे?

झागोर्कानं चिठ्ठी वाचली. कॉफीचे कप उचलले आणि मोरीत ओतले, स्वतःचासुद्धा. मग म्हणाली, "मी शिव्या देऊ का? तुमचा भाऊ आहे, म्हणून विचारते." मी म्हटलं, "नको."

दुसऱ्या दिवशी नोटरीकडे गेलो. आता मला दोघांनी धरून न्यावं लागतं. नोटरीबाई तरुण आहेत, केस आखूड, बोलणं सरळ. कागद वाचला, चिठ्ठी वाचली, आणि चष्मा काढून ठेवला. "आजी, देवानं तुमच्या हातात हुकमाचा पत्ता दिलाय. सही करू नका. थडग्याची परवानगी शिक्क्यासह आली की मग करा. मी आत्ता वकिलाला लिहिते. बघा, आठवड्यात येते की नाही."

झागोर्का म्हणाली, "आठवडा कशाला, यांची भावजय परवानगी पायी घेऊन येईल."

खरं सांगते, मला मोह झाला. मी खुर्चीत बसले होते, पोटात सुऱ्या फिरत होत्या, आणि मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तो काळा दगड बाजूला सरकवलाय, वुको मेणबत्ती धरून उभा आहे, आणि मी खाली जातेय, आईकडे. एवढंच म्हणायचं होतं, लिहा. बाईंनी पेनही उचललं होतं.

आणि मला ते म्हणता आलं नाही.

मूर्ख म्हण. झागोर्कानं म्हटलंच, तिथेच, सगळ्यांसमोर. नोटरीबाई म्हणाल्या, "का पण? तुमच्या हक्काचं आहे." त्यांना मी कसं सांगू? त्यांच्या आईनंही कुठल्यातरी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून हक्क सोडला असेल, पण त्या स्वतः आता वेगळ्या झाल्या आहेत. बरंच झालं. तुला मात्र सांगते, कारण तू त्याच घरातला आहेस. मी जर आज कुरण देऊन थडगं घेतलं, तर तो सौदा झाला. आणि हा सौदा झाला, तर तेव्हाचाही सौदाच ठरतो. मग मी तुला घर, शेत, झरा, अक्रोडाची झाडं, सगळं एका निळ्या कोटाच्या कापडावर विकलं, असं होईल. मग मला भाऊ कधी नव्हताच, गिऱ्हाईक होतं. इतकी वर्षं मी जे उराशी धरून जगले, ते मरायच्या तोंडावर मीच खोटं ठरवू? बहीण भावाला देते, विकत नाही. मला दुसरं काही येत नाही, राडोये. आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही.

म्हणून सही केली. सोबत आहे, शिक्क्यासह. अट काही घातली नाही. नोटरीबाईंनी पैसे घेतले नाहीत आणि खिडकीकडे बघत बसल्या.

घरी आल्यावर झागोर्का माझे बूट काढता काढता म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं, तो हे बघून विरघळेल?" मी म्हटलं, "हो." कारण वाटलं होतं. कागद पोचेल, तुला लाज वाटेल, आणि तू गाडीत बसशील. तिनं माझे पाय कुशीत घेतले आणि चोळत बसली. ते आता गरम होतच नाहीत. मग म्हणाली, "नाही येणार." मलाही ते ठाऊक आहे.

बाकीचं आवरून झालंय. माळावरच्या नव्या स्मशानात जागा घेतली. झागोर्का बघून आली. एका बाजूला कोणी ट्रक ड्रायव्हर आहे, दुसरी बाजू अजून रिकामी. खांबांवर चिकटवायच्या मृत्यूच्या कागदाचा मजकूरही लिहून दिला. छापखान्यातल्या मुलीनं विचारलं, शोकाकुल कोण कोण लिहायचं? मी म्हटलं, भाऊ राडोये, पहिला. मग त्याच्या घरची मंडळी. मग झागोर्का. वर पहिलं नाव पुरुषाचं असावं लागतं, आणि लोक आल्यावर ओळीत उभं राहून त्यांचे हात कोणालातरी हातात घ्यावे लागतात. ते काम भावाचं. झागोर्का म्हणाली, "कोणी नसलं तर मी उभी राहीन. बायका उभ्या राहत नाहीत म्हणे. बघू कोण मला हलवतं." पण तू आलास तर ती तुला जागा देईल. मी तिच्याकडून तसं वचन घेतलंय. ती तुझ्याशी बोलणार नाही, पण जागा देईल.

लाकडी क्रॉसवर काय लिहायचं, यावर आम्ही खूप घोळ घातला. ब्लाझोचं आडनाव मी कागदोपत्री कधी बदललं नाही, पण ते घालून त्या माळावर पडायचं मला नको. बापाचं आडनाव तुमच्या काळ्या दगडावर आहे, आणि तिथे मला जागा नाही. शेवटी नोटरीच्या कागदावर आईबापाच्या नावानं माझी ओळख लिहितात, तेवढीच लिहा म्हटलं, आडनाव नको.

आता राहिला तो शब्द.

कुरणाचा कागद पाठवला, तशी पाकिटातून शब्दाचीही चिठ्ठी पाठवावी, असं वाटून मी चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. रागानं नाही. राग करायला अंगात जोर लागतो. तो शब्द लिहून देता येत नाही, हे तूही जाणतोस. तो समोरासमोर द्यायचा असतो, हात हातात घेऊन, जसा त्या पायऱ्यांवर दिला होता. मी अजून इथे आहे. डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत, कदाचित थोडं पुढे. दार आम्ही कडी न लावता ठेवतो, झागोर्काची ये-जा असते म्हणून. रात्री-अपरात्री आलास तरी ढकललं की उघडेल. मी झोपलेली असले तर उठव. झोपले आहे असं सांगून इथे कोणी तुला परत पाठवणार नाही.

तू आलास, तर तुला शब्द देईन. थडग्याचं नावही काढणार नाही. आणि नाही आलास, तर मी शाप देणार नाही, एवढं मनात पक्कं धर. त्यांना हॉटेल बांधू दे. कुरण तुझं आहे, कागद पक्का आहे, कोणी तुला आडवं येणार नाही. फक्त बहिणीचा शब्द त्यावर नाही, एवढं तुला माहीत असेल, आणि मला.

आईच्या थडग्यावर जाशील तेव्हा तिला सांग, की सरकू नकोस, आता कोणी येत नाही.

मितार आणि येव्रोसिमा यांची मुलगी,
दारिंका